फेस्ताच्या मांडवात पुढे केलेला पेला

प्रति,
सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील ख्रिस्ती गावांच्या फेस्त समित्यांचे आणि पॅरिश कौन्सिलांचे सर्व सभासद यांस,

विषय : फेस्त (चर्चचा वार्षिक सण), लदीन (खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे होणारी प्रार्थना) आणि लग्नाच्या मांडवात दारू वाटण्याच्या प्रथेबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी वेंगुर्ल्याच्या दक्षिणेकडील एका किनारी गावात राहतो. शाळेतून निवृत्त होऊन मला नऊ वर्षे झाली आणि त्यांपैकी सहा वर्षे मी आमच्या चर्चच्या फेस्त समितीचा खजिनदार होतो. मांडवाचे भाडे, बँडवाल्यांचा विसार, फटाके, मेणबत्त्या, उकडायच्या चण्यांचे पोते आणि बाटल्या, हा सगळा खर्च माझ्या वहीतून गेला आहे. बाटल्यांची रक्कम मी ‘किरकोळ’ या सदराखाली लिहीत असे. सहा वर्षांत ती रक्कम मेणबत्त्यांच्या खर्चाच्या कितीतरी पुढे गेली, तरी सदराचे नाव मी बदलले नाही आणि हिशेब मंजूर करताना समितीतही कोणी ते बदलायला सांगितले नाही. तेव्हा हे पत्र बाहेरून बोट दाखवणाऱ्याचे नाही, एवढे आधी लक्षात घ्यावे.

दोन वर्षांपूर्वी फेस्ताच्या आदल्या संध्याकाळी खुरसाकडे लदीन झाले, शेवटचे गाणे संपले आणि नेहमीप्रमाणे चणे व पेले फिरू लागले. माझा एक शेजारी, ट्रॉलरवरचा खलाशी, माझ्याच वर्गात सातवीपर्यंत शिकलेला, त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून धाकट्या मुलीला मांडीवर घेऊन मांडवाच्या अगदी कडेच्या खुर्चीवर बसला होता. व्यसनमुक्ती केंद्रातून परतल्याला त्याला आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत त्याने थेंबही घेतलेला नव्हता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होते, मलाही होते. तबक माझ्या हातात होते. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “अरे, फेस्ताचो एक घे. खुरसाकडे येवन नाय म्हणतत काय?” त्याने आधी पेल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. दुसऱ्या कोणाला तो नाही म्हणू शकला असता. सरांना म्हणू शकला नाही. पेला प्लॅस्टिकचा होता आणि त्याच्या बाहेरून चण्याचे एक साल चिकटले होते. त्याने ते नखाने काढले, मुलीला मांडीवरून खाली उतरवले आणि एका घोटात पेला रिकामा केला. मी पुढच्या खुर्चीकडे वळलो. पुढे काय झाले ते लांबवून सांगत नाही. पंधरा दिवसांत तो पहिल्यासारखा पिऊ लागला, बोटीच्या मालकाने त्याला उतरवले आणि पावसाळा संपायच्या आत त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली.

त्यानंतर मी बायबल उघडले ते, खरे सांगायचे तर, स्वतःची सुटका शोधण्यासाठी. दारू पिणे हेच पाप आहे असे एखादे स्पष्ट वचन सापडले असते, तर दोष बाटलीवर ढकलून मला मोकळे होता आले असते. तसे वचन सापडले नाही. उलट स्तोत्रसंहितेच्या १०४ व्या स्तोत्रात माणसाच्या अंतःकरणाला आनंद देणारा द्राक्षारस हे देवाचे दान म्हणून गायिले आहे, आणि अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तर, देवाने निवडलेले स्थान दूर असल्यास दशमांशाचे पैसे करून न्यावेत आणि तेथे बैल, मेंढरे, द्राक्षारस किंवा मद्य, मनाला वाटेल ते विकत घेऊन परमेश्वरासमोर कुटुंबासह खावे-प्यावे व आनंद करावा, अशी आज्ञाच आहे. कॅथॉलिक बायबलमधील सिराख हा ग्रंथ बेताने घेतलेल्या द्राक्षारसाला जीवनासारखा म्हणतो आणि पौल तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला देतो. आमच्याकडे काही उपदेशक ठासून सांगतात की, बायबलमध्ये जेथे द्राक्षारस चांगला म्हटला आहे तेथे तो केवळ न आंबलेला रस असावा. मला हे प्रामाणिक वाटत नाही. नोहा ज्याने झिंगला आणि तंबूत उघडा पडला त्याला हिब्रूमध्ये जो शब्द आहे, तोच शब्द इतरत्र सणाच्या द्राक्षारसाला आहे. आणि इफिसकरांस लिहिताना पौल ज्याने मस्त होऊ नका म्हणतो, त्याच ग्रीक शब्दाने योहान काना गावातील द्राक्षारस सांगतो. नुसत्या रसाने कोणी मस्त होत नाही.

काना गावाचा उल्लेख आला की आपल्या मांडवात सगळ्यांचे चेहरे खुलतात, याचा अनुभव मला आहे, कारण खजिनदार असताना वाढीव खर्चावर कोणी बोलले की मीच हा चमत्कार पुढे करीत असे. सहा दगडी रांजण, प्रत्येकात दोन-तीन मापे, आजच्या हिशेबाने एकूण पावणेपाचशे ते सातशे लिटर. येशूने एवढा द्राक्षारस पुरवला तर आपले दोन खोके कुठे बसतात, असा माझा युक्तिवाद असे. आता तो उतारा पुन्हा पुन्हा वाचताना मला दोन गोष्टी दिसतात. एक म्हणजे, तेथे अडचण होती ती पिणाऱ्यांची तहान ही नव्हे, तर एका घराची भर लग्नात होऊ घातलेली नाचक्की, आणि ती टाळण्यासाठी येशूच्या आईने पुढाकार घेतला. दुसरी म्हणजे, त्या सातशे लिटरांतला एकही पेला येशूने कोणाच्या हातात बळेच दिल्याचे योहान लिहीत नाही. माझ्या हातातील तबक काना गावातून आलेले नव्हते.

शिवाय तेथला द्राक्षारस आणि आपल्या टेबलावरची बाटली या एकच वस्तू नाहीत, हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. फळांचा रस नुसता आंबवला तर चौदा-पंधरा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क झाल्यावर त्यातले यीस्टच निकामी होते आणि आंबणे थांबते. त्यापुढची तीव्रता भट्टी लावून, ऊर्ध्वपातनाने आणावी लागते, आणि पिण्याची दारू तशी गाळण्याचे तंत्र बायबलच्या काळातील लोकांना अवगत नव्हते. त्यातही ते द्राक्षारसात पाणी मिसळत. मक्काबींचे दुसरे पुस्तक संपताना लेखक सहज उपमा देतो की, नुसता द्राक्षारस किंवा नुसते पाणी पिणे बरे नव्हे, दोन्ही मिसळले की गोडी येते. मिस्साबलिदानात फादर आजही प्याल्यात पाण्याचे थेंब घालतात, त्याला इतर अर्थ आहेतच, पण मुळात ती जेवणाच्या टेबलावरची रीत होती. आपल्याकडे मिळणाऱ्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेले असते आणि काजूच्या बोंडवाची फेणीही साधारण त्याच पंगतीत बसते. शास्त्रात ‘मद्य’ या शब्दाखाली जे येते त्याच्या तिप्पट तीव्रतेची वस्तू आपण हातात धरतो आणि आधाराला वचन मात्र द्राक्षारसाचे घेतो.

मर्यादा सांगणारी वचने तर आपल्या सर्वांच्या परिचयाची आहेत. लेवीयाच्या दहाव्या अध्यायात याजकांनी दर्शनमंडपात जाताना मद्य घेऊ नये असे आहे. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात लमुएल राजाची आई मुलाला बजावते की राजांनी पिऊ नये, कारण मग ते दुबळ्यांचा न्याय विसरतात. यशया सकाळी उठून मद्याच्या मागे धावणाऱ्यांवर आणि पिण्यात शूर असणाऱ्यांवर हाय हाय म्हणतो. पौल मद्यपींना देवाच्या राज्याचे वतन नाही म्हणतो आणि लगेच पुढच्या ओळीत, तुमच्यापैकी कित्येक असेच होते, पण तुम्ही धुतले गेलात, हेही म्हणतो. ही दुसरी ओळ आपण सहसा वाचत नाही. मात्र यांतला एक उतारा आम्हा दर्याकाठच्या माणसांसाठीच लिहिला असावा असे मला वाटते. नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायात पिणाऱ्याचे वर्णन आहे: त्याचे डोळे लाल, अंगावर विनाकारण जखमा, तो भर समुद्रात निजलेल्यासारखा, डोलकाठीच्या टोकावर निजलेल्यासारखा; मला मारले पण लागले नाही म्हणतो आणि शुद्धीवर आल्याबरोबर पुन्हा पेला शोधायला निघतो. लाटांवर डोलकाठीचे टोक किती हेलकावते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या ओळीवर टीका वाचावी लागत नाही. हजारो वर्षांपूर्वी कोणी तरी आमच्या गावातील जेटीवर उभे राहून हे लिहिले की काय, असा प्रश्न पडतो.

पण माझे गाऱ्हाणे पिणाऱ्याबद्दल नाही. ते देणाऱ्याबद्दल, म्हणजे आपल्याबद्दल आहे, आणि त्याविषयी शास्त्र किती कडक आहे हे मला साठी उलटल्यावर कळले. आमोस संदेष्टा इस्राएलचे अपराध मोजतो, त्यात गरिबाला जोड्याच्या जोडासाठी विकणे आहे आणि त्याच यादीत हेही आहे: तुम्ही नाजिरांना द्राक्षारस पाजला. नाजीर म्हणजे ज्याने देवासमोर नवस करून द्राक्षारस सोडला आहे तो. गणनाच्या सहाव्या अध्यायाप्रमाणे त्याला द्राक्षाचे बी आणि साल देखील वर्ज्य होते. ज्याने सोडली त्याला पाजणे, हे आमोसच्या दृष्टीने गरिबाला विकण्याच्या रांगेत बसणारे पाप आहे. हबक्कूक तर शेजाऱ्याला पाजून झिंगवणाऱ्यावर थेट हाय म्हणतो. त्या वचनाचा मूळ रोख बाबेलच्या जुलमी सत्तेवर आहे, हे मी लपवत नाही. पण ‘शेजारी’ हा शब्द तेथे आहे आणि तो वाचताना मला शेजारच्या घराचे बंद दार दिसते.

याच्या उलट बाजूचे एक चित्र यिर्मयाच्या पस्तिसाव्या अध्यायात आहे. संदेष्टा रेखाबी घराण्यातील माणसांना मंदिराच्या खोलीत बोलावतो, त्यांच्यापुढे द्राक्षारसाने भरलेले प्याले ठेवतो आणि प्या म्हणतो. जागा पवित्र, यजमान संदेष्टा, प्याला समोर. तरीही ते म्हणतात, आम्ही पीत नाही, आमच्या पूर्वजाने आम्हांला तसे सांगितले आहे. आणि देव त्यांच्यावर रागावत नाही, तर साऱ्या यहूदासमोर त्यांचे उदाहरण ठेवतो. आपल्या मांडवात कोणी असे म्हटले तर आपण काय करतो? “एवढ्याने काय होतले”, “पाद्रींनी आशीर्वाद दिल्लो”, “बायलेक घाबरता”, हे तीन उद्गार मी स्वतः उच्चारलेले आहेत. रोममधील मंडळीला पौल लिहितो की, मांस न खाणे, द्राक्षारस न पिणे आणि ज्याने तुझा भाऊ ठेचकाळतो ते न करणे चांगले. येथे पौल द्राक्षारसाला वाईट म्हणत नाही, तो भावाकडे पाहायला सांगतो. करिंथ येथे प्रभुभोजनाला जमलेल्यांत एक उपाशी राहतो आणि दुसरा मस्त होतो, म्हणून तो किती चिडला आहे तेही पाहावे. त्यांचा मेळावा आपल्या फेस्ताहून फार वेगळा नसावा.

परंपरेचा मुद्दा निघेल, म्हणून संत मोनिकाची गोष्ट सांगतो. तिचा मुलगा संत ऑगस्टिन याने ती स्वतःच लिहून ठेवली आहे. उत्तर आफ्रिकेत रक्तसाक्षींच्या समाधींवर त्यांच्या स्मरणदिनी लापशी, भाकरी आणि द्राक्षारस घेऊन जाण्याची आणि तेथे जमलेल्यांबरोबर वाटून घेण्याची प्रथा होती, म्हणजे जवळजवळ आपले खुरसाकडचे लदीनच. मोनिका स्वतः मोजून एकच छोटा पेला नेई, तोही पाणी घालून, आणि सगळ्या समाधींवर तोच पुरवीत असे. चौथ्या शतकाच्या शेवटी ती मुलापाठोपाठ मिलानला आली आणि तेथेही टोपली घेऊन निघाली, तेव्हा द्वारपालाने तिला अडवले. बिशप संत अँब्रोज यांनी ही प्रथा बंद केली होती. कारणे दोन: पिणाऱ्यांना ती निमित्त ठरत होती आणि ती मूर्तिपूजकांच्या पितरांच्या सणासारखी दिसत होती. मोनिकाला पेल्याचा काहीही अपाय होत नव्हता, हे लक्षात घ्यावे. तरी तिने वाद घातला नाही, टोपली परत नेली आणि पुढे त्या समाधींवर ती रिकाम्या हाताने प्रार्थना करायला आणि गरिबांना जमेल ते द्यायला जाऊ लागली. ऑगस्टिन मिस्किलपणे जोडतो की, दुसऱ्या कोणी सांगितले असते तर आईने एवढ्या सहज ऐकले असते की नाही, शंका आहे. हीच मोनिका लहानपणी घरच्या पिंपातून द्राक्षारस काढताना चोरून घोट घेऊ लागली होती आणि एका दासीने ‘पिणारी’ म्हणून हिणवल्यावर सावरली होती, हेही त्याच लेखनात आहे. सवय कशी लागते हे तिला माहीत होते, कदाचित म्हणूनच ती दारातून निमूटपणे परतली असावी.

आपल्यापैकी काहींचा यापुढचा आक्षेप असा असेल की, वेदीवर द्राक्षारस चालतो तर वेदीबाहेर का नको. येथे तर चर्चने आपल्याहून फार पुढचा विचार केला आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ९२४ व्या नियमाप्रमाणे मिस्साबलिदानाचा द्राक्षारस द्राक्षांचा, नैसर्गिक आणि न बिघडलेला असावा लागतो, त्यात तडजोड नाही. तरीही ज्या धर्मगुरूला दारूच्या व्यसनामुळे किंवा अन्य आजारामुळे तोही घेणे धोक्याचे असेल, त्याला बिशपच्या परवानगीने ‘मुस्तुम’, म्हणजे ज्याचे आंबणे मूळ स्वरूप न बदलता रोखून ठेवले आहे असा द्राक्षांचा रस, वापरता येतो. २००३ च्या जुलैमध्ये रोमहून जगभरच्या बिशप परिषदांना पाठवलेल्या पत्रात हे पुन्हा स्पष्ट केले आहे. भाविकांना तर केवळ भाकरीच्या रूपातही संपूर्ण ख्रिस्त लाभतो अशी आपली श्रद्धा आहे. आपले काही प्रॉटेस्टंट बंधू १८६९ साली अमेरिकेत न आंबणारा द्राक्षरस तयार करण्याची रीत निघाल्यापासून प्रभुभोजनाला तोच वापरतात आणि त्यावर आपण उगाच विनोद करतो. व्यसनातून उठणाऱ्या एका माणसासाठी ख्रिस्ताच्या वेदीवर जर जागा करता येते, तर चण्यांच्या टेबलावर ती होत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

आता मुलांविषयी. गांजा, चरस आणि ज्याला पोरे नुसते ‘एमडी’ म्हणतात ती मेफेड्रोनची पावडर आपल्या गावांत पोचलेली आहे, हे आता कुजबुजत बोलण्यात अर्थ नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे लाटांबरोबर वाहून आली होती, ती बातमी आपण सर्वांनी वाचली आहे. दृढीकरणाच्या वर्गात एका मुलाने मला उत्पत्तीचे पहिल्या अध्यायातील वचन दाखवले: देवाने बीज देणारी प्रत्येक वनस्पती माणसाला दिली, मग गांजा का नको? मी त्याला म्हणालो की, त्या वचनात ती अन्नासाठी दिली आहे आणि कण्हेरही बीज देते. दुसरीकडे, गलतीकरांस लिहिलेल्या पत्रातील देहाच्या कर्मांच्या यादीत ‘चेटके’ असे ज्याचे भाषांतर होते तो ग्रीक शब्द ‘फार्माकेया’ आहे, त्याचे औषधाच्या शब्दाशी नाते आहे, म्हणून तेथे अमली पदार्थांचीच बंदी आहे, असे काही प्रवचनकार सांगतात. हाही ताणलेला अर्थ आहे. जादूटोण्यात विषारी काढे वापरले जात म्हणून तो शब्द तसा आला, पण पौलाचा रोख चेटकावर आहे. मुलांना पटणारा आधार अधिक साधा आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल म्हणतो, मला सर्व गोष्टींची मोकळीक आहे, पण मी कशाच्याही ताब्यात जाणार नाही; आणि थोडे पुढे, तुमचे शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे. पेत्र म्हणतो, सावध असा, जागे राहा. ज्या गोष्टीचा मूळ हेतूच जागेपण घालवणे हा आहे, तिला या वचनांच्या मधून वाट सापडत नाही. चर्चच्या १९९२ च्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, २२९१ व्या परिच्छेदात औषधोपचाराखेरीज अमली पदार्थांचा वापर गंभीर अपराध म्हटला आहे, आणि त्याआधीच्या परिच्छेदात दारू व तंबाखूचा अतिरेक आणि नशेत गाडी हाकून इतरांचा जीव धोक्यात घालणे यांचा समाचार घेतला आहे. उपचाराचा अपवाद महत्त्वाचा आहे. येशूने क्रुसावर चढण्याआधी गंधरस मिसळलेला द्राक्षारस नाकारला, यावरून कर्करोगाच्या रुग्णाला वेदनाशामक देऊ नये असे कोणी सुचवू लागला, तर त्याला चांगल्या शोमरोनीने जखमेवर ओतलेले तेल आणि द्राक्षारस वाचून दाखवावे.

पण त्याच मुलाने पुढे जे विचारले त्याचे उत्तर मला देता आले नाही. तो म्हणाला, सर, फेस्ताच्या बाटल्या आणायला खाडीपलीकडे मलाच पाठवतात. हे खरे आहे आणि मी त्याचा साक्षीदार आहे. तेरेखोलच्या पलीकडे, गोव्यात, दारू स्वस्त मिळते, म्हणून समितीचे पैसे वाचवण्यासाठी आपण अठरा-वीस वर्षांच्या पोरांना स्कूटरवरून आरोंद्याच्या पुलाने पाठवतो आणि नाका कधी चुकवायचा हेही शिकवतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय ही वाहतूक गुन्हा आहे; पकडला गेला तर नाव त्या पोराचे लागते, समितीचे नव्हे. आज बाटली नेणाऱ्या पोराला उद्या कोणी दुसरे पुडके दिले, तर वाट आणि युक्ती त्याला आपणच शिकवलेली असते. माझ्या ‘किरकोळ’ सदरात हेही होते.

एक गोष्ट उपचाराबाबत, कारण तिच्यावाचून घात होतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली की, दोन-तीन दिवसांत हातपाय थरथरणे, झटके येणे, भलतेच दिसू लागणे, असे घडू शकते आणि त्यात माणूस दगावूही शकतो. घरच्यांनी त्याला खोलीत कोंडून रोझरी म्हणत बसणे, हे भक्तीने केलेले असले तरी धोक्याचे आहे. अशा माणसाला डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारूपासून दूर करावे लागते. सिराख अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राख म्हणतो, त्यालाही देवानेच नेमले आहे. व्यसन पाप की आजार, हा वाद मी वाढवत नाही. सवयीने माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते हे कॅटेकिझमच मान्य करतो, म्हणून पेला घेणाऱ्या खलाशाचा आणि पेला देणाऱ्या मास्तरांचा हिशेब सारखा होणार नाही, असे मला वाटते. डब्लिनचा हमाल मॅट टॅलबट वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, १८८४ साली, आधी फक्त तीन महिन्यांची शपथ घेऊन दारू सोडू शकला आणि मग १९२५ साली मरेपर्यंत प्यायला नाही. १९७५ मध्ये चर्चने त्याला वंदनीय घोषित केले. ती एकेचाळीस वर्षे त्याने गुत्ता टाळून मिस्सेची वाट धरत काढली. आपल्या गावात चर्चच्या वाटेवर, चर्चच्याच नावाने, मांडव घालून पेला उभा असतो.

म्हणून माझे मागणे असे आहे. फेस्ताच्या वर्गणीतून, लदीनाच्या खर्चातून आणि चर्चच्या आवारातील कोणत्याही कार्यक्रमातून दारू पूर्णपणे काढावी. स्वतःच्या घरी पाहुण्याला काय द्यायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. त्यात समितीने डोकावू नये, कारण रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय न पिणाऱ्यालाही पिणाऱ्याचा न्याय करू देत नाही. मी दोन वर्षे घेतलेली नाही, त्याचा मला अभिमान नाही आणि कोणी माझ्यासमोर घेतली तर मी उठून जात नाही. मुंबईहून येणारे चाकरमानी आणि आखातातून पैसे पाठवणारे यजमान नाराज होतील, ही भीती मला माहीत आहे. त्यांना अनुवादाचे तेच वचन वाचून दाखवावे ज्यात मद्य विकत घेण्याची मुभा आहे, आणि त्यापुढच्या ओळी वगळू नयेत: मंदिरसेवक लेवीला विसरू नका, आणि दर तिसऱ्या वर्षीच्या दशमांशातून उपरा, अनाथ आणि विधवा यांनाही पोटभर खाऊ द्या. दारूपायी घर मोडलेल्या बायका आपल्या प्रत्येक वाडीत आहेत आणि त्या लदीन संपताच मुलांना घेऊन लगबगीने निघून जातात. पुढे काय सुरू होते हे त्यांना माहीत असते.

चर्चचा हॉल आठवड्यातून एका संध्याकाळी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभेला मोफत द्यावा, अशीही विनंती आहे. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झालेल्या त्या कामाला फक्त खुर्च्या, चहा आणि आत कोण बसले आहे याची बाहेर चर्चा न करणारे गाव लागते. यांपैकी तिसरी गोष्ट जमवणे आपल्याला सर्वांत कठीण जाईल. लदीनाला चण्यांबरोबर कोकमाचे सरबत ठेवावे. पहिल्या वर्षीचे आगळ आणि साखर यांचा खर्च मी देईन आणि तो वहीत ‘सरबत’ म्हणूनच लिहावा.

आमच्या गावच्या फेस्ताला अजून अडीच महिने आहेत. माझा शेजारी सध्या कुडाळला बहिणीकडे आहे, पुन्हा उपचार घेतो आहे आणि आतापर्यंत पाच महिने झाले आहेत. गेल्या रविवारी त्याला भेटायला गेलो होतो. बायको मुलीला घेऊन फेस्ताला येणार आहे, म्हणून त्यालाही यायचे आहे. निघताना तो फाटकापर्यंत आला आणि खाली बघत त्याने विचारले, “सर, औंदा लदीनाक काय वाटतले?” आपली बैठक होईपर्यंत मला त्याला काही सांगता येत नाही.

आपला नम्र,
फेस्त समितीचा एक माजी खजिनदार